जिनिंग, फवारा आणि ऊन : कामावरच्या आरोग्यासाठी अमरावती-अकोल्याच्या परिचारिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र शासन

प्रत : विभागीय आयुक्त, अमरावती, जिल्हाधिकारी, अमरावती आणि अकोला, संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय

विषय : हंगामी व असंघटित कामगारांसाठी व्यवसायजन्य आरोग्य परिचर्येची सोय करण्याबाबत

महोदय,

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि मोजके कारखाने इथे काम करणाऱ्या परिचारिका व परिचारकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत. पगार, बदल्या आणि कंत्राटी नेमणुका यांबद्दल आमचे म्हणणे आम्ही वेळोवेळी मांडतोच. हे पत्र आमच्याकडे उशिरा पोचणाऱ्या माणसांबद्दल आहे.

दिवाळीनंतर जिनिंगवर जाणारी बाई माघ महिन्यात खोकत येते आणि कागदावर ‘जुना खोकला’ होते. भाद्रपदात ‘सिस्टर, मले गरगरते’ म्हणत आलेला फवारणीचा मजूर ‘उलटी व मळमळ’ होतो, आणि मे महिन्यात धान्याच्या यार्डातला हमाल ‘अशक्तपणा’ होतो. तिघांच्याही केसपेपरवर वय आणि गाव नीट असते. कामाच्या जागी ‘मजुरी’ एवढाच शब्द असतो. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहून वैद्यांना सांगितले होते की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. सव्वातीनशे वर्षांनंतर आमच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न अजून नेमाने विचारला जात नाही. यात दोष आमचाही आहे, पण रांगेत दोनशे माणसे उभी असताना प्रत्येकाला कामाचे चार प्रश्न विचारायला कुणी नेमलेले नाही, हेही खरे.

कायद्यात परिचारिका आहे. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 45 ने 500 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष आणि त्यात वैद्यकीय व परिचर्या कर्मचारी सक्तीचे केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेनेही हाच 500 चा आकडा ठेवला. एवढे कामगार वऱ्हाडात किती ठिकाणी असतील? पारससारखे औष्णिक वीज केंद्र किंवा नांदगाव पेठेतला एखादा मोठा उद्योग सोडला तर आपल्याकडचे काम जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, तेलघाणी, गिट्टी क्रशर, वीटभट्टी, बाजार समितीचे यार्ड आणि शेत यांत विखुरलेले आहे. एका जिनिंगमध्ये शंभराच्या आतबाहेर माणसे असतात, दालमिलमध्ये त्याहून कमी. त्यातच वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या नव्या संहितेत 10 कामगारांवरून 20 वर गेली. माणसे मोजून परिचारिका द्यायची ठरवली तर वऱ्हाडाच्या वाट्याला ती कधीच येणार नाही. म्हणून आमच्या सगळ्या मागण्यांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे : परिचारिकेची नेमणूक धोक्याच्या जागेवर आणि हंगामावर ठरवा.

जिनिंगचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कायद्यानेच तयार केलेला आहे. राज्य कामगार विमा कायदा 1948 हंगामी कारखान्यांना लागू होत नव्हता, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे होते, दुसरे प्रेसिंगचे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 नेही ही सूट तशीच उचलली. म्हणजे ज्या धंद्यावर अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, त्याच धंद्यातल्या कामगाराला ना विम्याचे कार्ड, ना विमा दवाखाना. हंगाम चार-सहा महिन्यांचा असतो हे मान्य. पण तीच बाई वर्षानुवर्षे दर हंगामाला त्याच धुळीत उभी राहते. फुप्फुसाला हंगाम कळत नाही.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटणे, पुढे हा त्रास रोजचा होणे, अशी त्याची चाल. सूतगिरणीत तो जास्त दिसतो. जिनिंगमध्ये सुका खोकला, कफ आणि हळूहळू कमी होणारी श्वासाची ताकद ही लक्षणे अधिक. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिसची नोंद होती, कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम 1923 च्या तिसऱ्या अनुसूचीतही होती. नोंद करण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. पण डॉक्टरपर्यंत तो आजार ‘धुळीचा’ म्हणून पोचतच नाही, त्यामुळे कागदावर वऱ्हाडात हा आजार जवळजवळ नाहीच.

तो शोधायला मोठे यंत्र लागत नाही. श्वासाचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर हातात मावते आणि दवाखान्याच्या खर्चात ते नगण्य आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी एक फुंकर, पाळी संपल्यावर एक फुंकर, दोन आकड्यांत फरक किती ते पाहायचे. ज्यांचा आकडा उतरतो त्यांना स्पायरोमेट्रीसाठी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पाठवायचे. ही कामे परिचारिका करू शकते. आम्ही मागतो ते असे : लगतच्या जिनिंगांचा गट करून प्रत्येक गटाला हंगामभर एक फिरती परिचारिका द्यावी. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तिने प्रत्येक कामगाराची श्वासतपासणी करावी, आणि तिच्या नोंदवहीतील ‘संशयित’ नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने स्वीकारावी. निदान डॉक्टरच करील; संशय नोंदवायला मात्र आमचे डोळे पुरेसे आहेत. जिनिंगमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. गरोदरपणाची नोंद, धुळीपासून दूरचे काम आणि तान्ह्या बाळासाठी धुळीबाहेरची जागा या गोष्टी याच परिचारिकेकडे सोपवाव्यात.

याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राने 1969 मध्येच दिले आहे. माथाडी कायद्याने एका हमालाचे अनेक मालक असतात हे मान्य केले, एक मंडळ नेमले आणि मालकांकडून लेव्ही घेतली. जिनिंगमध्ये दर गठाणीमागे थोडी आकारणी करून तो निधी मंडळाकडे ठेवता येईल. भारतीय कपास निगम हमीभावाने कापूस घेते तेव्हा जिनिंग कारखान्यांशी करार करते. त्या करारात ‘हंगामी आरोग्य परिचारिका व श्वासतपासणी’ ही अट घातली तर कायदा बदलायचीही वाट पाहावी लागणार नाही. परिचारिकेचा पगार मात्र मालकाच्या हातून नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1985 च्या व्यवसायजन्य आरोग्य सेवा कराराने (क्रमांक 161) या सेवेतल्या माणसांना मालक आणि कामगार दोघांपासून पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य हवे असे म्हटले आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. मालकाच्या पगारावरची सिस्टर जिनमध्ये सापडलेल्या बोटाची नोंद ‘घरी लागले’ अशी करते, हे आम्हाला ठाऊक आहे. करणारीलाही ते आवडत नसते.

आता फवारा. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अकोला जिल्ह्यातही बळी गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती, हवेत दमटपणा होता, दोन-तीन औषधे एकत्र कालवून पंपात जात होती, आणि फवारा पिकावर पडण्याआधी माणसाच्या अंगावर पडत होता. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी आली. ती यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांसाठी होती. तोवर फवारणीचा जोर ओसरत आला होता, हेही इथे लिहून ठेवतो.

आमच्या पेशाला त्या पावसाळ्याने एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे आपल्याकडे मोजमापच नव्हते. सेंद्रिय फॉस्फरसची विषबाधा रक्तातल्या कोलीनएस्टरेज या विकरावरून कळते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळी ही तपासणी होत नव्हती. शिवाय या विकराची पातळी माणसागणिक खूप बदलते, म्हणून आजारी पडल्यावर केलेल्या एकाच तपासणीतून सौम्य विषबाधा सुटून जाते. फवारणी सुरू होण्याआधीची त्या माणसाची स्वतःची मूळ पातळी माहीत हवी. कॅलिफोर्नियात लाल पेशींतील पातळी मूळ पातळीपेक्षा 30 टक्क्यांनी घसरली की मजुराला त्या कामावरून हटवतात. आपल्याकडेही कीटकनाशक नियम 1971 मध्ये फवारणीच्या कामाला लावलेल्या माणसांची कामाआधी आणि ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद आहे. रोजाने पंप उचलणाऱ्या मजुराची अशी तपासणी झाल्याचे आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाही.

म्हणून मागणी अशी की मे-जून महिन्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी मजुरांची नावनोंदणी व्हावी आणि मूळ पातळीची तपासणी करावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती पुन्हा व्हावी, आणि पातळी घसरलेल्या मजुराला फवारणीतून बाजूला ठेवताना त्याचा रोज रोजगार हमीतून किंवा अन्य मार्गाने भरून द्यावा. रोज बुडणार असेल तर तो तपासणीला येणारच नाही. अॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्झिम या उताऱ्यांचा साठा हंगामाआधी मोजून ठेवावा. विषबाधेचा रुग्ण शुद्धीवर आला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी पाठवू नये, कारण एक ते चार दिवसांत स्नायू लुळे पडून श्वास थांबू शकतो. उशीवरून मान उचलता न येणे ही त्याची पहिली खूण असते आणि ती रात्रपाळीच्या सिस्टरलाच दिसते. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल अशा औषधांवर वेगळा उतारा नाही. अॅट्रोपिन तिथे कामाचे नाही. त्यामुळे बाटली किंवा तिचे लेबल रुग्णासोबत आणा, हा निरोप प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या बिलावर छापावा.

संरक्षक किटबद्दल आमचे मत स्पष्ट सांगतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून पाठीवर पंप घेऊन कुणी चार तास काम करू शकत नाही. करायचा प्रयत्न केला तर तो उष्माघाताने पडेल. किट वाटून फोटो काढणे सोपे आहे. जास्त विषारी औषधे कमी करणे, मिश्रणे थांबवणे, वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारणे, सकाळच्या वेळेतच काम संपवणे आणि शेताच्या बांधावर साबण-पाण्याची सोय या गोष्टी आधी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बूट, हातमोजे आणि मास्क त्यानंतर.

उन्हाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम लावून कामाच्या ठिकाणी पाणी व पंख्यांची सक्ती करावी लागली. तो आदेश दर वर्षी संकट आल्यावर काढण्याऐवजी मार्चमध्येच निघावा आणि त्यात बाजार समित्या, वीटभट्ट्या, क्रशर यांची नावे असावीत. नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त काम देऊ नये, मग रोज थोडे वाढवावे; शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मेळघाटातून वीटभट्टीवर उतरणाऱ्या आदिवासी कुटुंबांची सिकलसेल तपासणी भट्टी पेटण्याआधी व्हावी. पाणी कमी पडले की सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येतो, आणि भट्टीवर पाणी कमीच पडते.

या कामासाठी वेगळे शिक्षण लागते. कारखान्यातल्या डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा ‘एएफआयएच’ हा अभ्यासक्रम आहे. परिचारिकांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेने अकोला किंवा अमरावतीच्या शासकीय परिचर्या महाविद्यालयाच्या आधाराने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा. त्यात धूळ, आवाज, रसायने, उष्णता, उचलण्याचा भार, कायद्याची कलमे आणि नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा हे सगळे असावे. यातले शेवटचे सर्वांत उपयोगी पडेल.

ही सगळी कल्पना परदेशी आणि महागडी आहे असे कुणी म्हणेल. कारखान्यातल्या परिचारिकेचा प्रारंभ इंग्लंडमध्ये 1878 साली नॉरिचच्या एका मोहरीच्या कारखान्यात झाला. तिथल्या परिचारिका फिलिपा फ्लॉवरडे कामगारांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करत. पण त्यानंतर सहाच वर्षांनी, 1884 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांनिशी मागण्या मांडल्या. त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी अशीही होती की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याची सोय लावावी. रविवारची सुट्टी मिळाली. दुसऱ्या मागणीतले बरेच काही जिनिंगच्या कामगारासाठी अजून बाकी आहे.

खरीप हंगाम सुरू होण्याआधी विभागीय आयुक्त कार्यालयात या विषयावर एक बैठक घ्यावी, ही विनंती. त्यात कामगार, आरोग्य आणि कृषी या तिन्ही खात्यांचे अधिकारी एकाच टेबलावर हवेत, नाहीतर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवेल. जिनिंग मालकांच्या प्रतिनिधींबरोबर हमालांचे, जिनिंगमधल्या स्त्रियांचे आणि फवारणी मजुरांचे प्रतिनिधी बोलवावेत. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवावी आणि त्यांचा प्रवासखर्च द्यावा. दिवसाच्या बैठकीला येण्यासाठी त्यांना रोज बुडवावा लागतो.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
परिचारिका संघटना, अमरावती व अकोला जिल्हे