मोबाईल हाच साक्षीदार

भगिनींनो, मोबाईलवर कोणी धमकी दिली, जातीवरून शिवीगाळ केली, तर संतापाने तो मजकूर पुसून टाकू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

पोलिसांनी मोबाईल ताब्यात घेतला, तर पंचनाम्यात त्याचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लिहिला आहे का, हे वाचूनच सही करा. मोबाईलचे नेटवर्क तोडावे लागते. नाहीतर दूर बसूनही कोणी त्यातील माहिती पुसू शकतो. प्रयोगशाळेत तज्ज्ञ माहितीची हुबेहूब प्रत काढतात आणि तिची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवतात. हा जणू माहितीच्या अंगठ्याचा ठसा! एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, लबाडी उघडी पडते.

जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मालकाने मूळ यंत्रच साक्षीत हजर केले तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते.

म्हणून नुसत्या छापील कागदावर विसंबू नका. खटला संपेपर्यंत मूळ मोबाईल विकू नका, मोडीत देऊ नका. न्याय मागायचा, तर पुरावा जपायलाही शिकले पाहिजे.