कारखान्यांच्या धुळीस स्थानिक मर्यादा हवी

कारखान्यांच्या धुराचा व धुळीचा विषय निघाला कीं तो शहरवासीयांचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. वर्तमानपत्रें दिल्ली-मुंबईच्या हवेचे आंकडे दररोज छापतात. राजुरा किंवा कोरपना तालुक्यांतील कपाशीच्या पानावर किती धूळ बसली हें कोणी छापीत नाहीं, कारण तें कोणी मोजीतच नाहीं. वस्तुतः औष्णिक वीजकेंद्रें, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, खडी केंद्रें, वीटभट्ट्या आणि साखर कारखाने हीं बहुतेक सर्व शेतांच्या बांधाला लागून उभीं आहेत. त्यांच्या धुळीस मर्यादा घालणारे कायदे आहेत; परंतु त्या मर्यादा शेताचा विचार करून घातलेल्या नाहींत. त्या ज्या त्या मुलखाच्या मानानें ठरविल्या गेल्या पाहिजेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

धूळ पिकावर बसली म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्यास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. पानास मिळणारा उजेड कमी होतो, पानावरील सूक्ष्म रंध्रें बुजतात, व अन्न तयार करण्याचें त्याचें काम मंदावतें. सिमेंटच्या धुळीची गोष्ट याहून वाईट. ती अल्कधर्मी असते. दंव पडलें कीं पानावर तिचा पापुद्रा धरतो, आणि तो पुढच्या वाऱ्यानें झडत नाहीं. फुलोऱ्याच्या दिवसांत धूळ फुलावर बसल्यास फळधारणा घटते. धुळकट पानांवर लाल कोळी फार माजतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक अशा पानांवर नीट वावरूं शकत नाहींत. रस्त्याकडेच्या ओळींत कोळी आधीं दिसतो तो यामुळेंच. कपाशीचें बोंड फुटल्यावर त्यावर कोळशाची भुकटी बसली तर तें नुकसान वजनांत दिसत नाहीं, भावांत दिसतें. व्यापारी कापूस बोटांत चोळून पाहतो व प्रत उतरवितो. कडब्याच्या गंजीवरील धूळ जनावरांच्या पोटांत जाते, तिचा हिशेब तर कोठेंच लागत नाहीं. पीकविमा नैसर्गिक आपत्तींसाठीं आहे. धुराड्याच्या धुळीस त्यांत स्थान नाहीं.

आतां सरकारी मापांकडे पाहूं. १९९४ सालच्या राष्ट्रीय मानकांत हवेंतील एकूण तरंगत्या धुळीस मर्यादा होती. २४ तासांच्या सरासरीनें ती निवासी व ग्रामीण भागांत दर घनमीटरास २०० मायक्रोग्रॅम आणि औद्योगिक भागांत ५०० होती. १८ नोव्हेंबर २००९ च्या मानकांनीं एकूण धुळीची ही मर्यादा काढून टाकली, व दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांस १०० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांस ६० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा घातल्या. औद्योगिक भाग व गांव यांमधील भेदही त्याच वेळीं गेला, हें चांगलेंच झालें. माणसाच्या फुप्फुसाच्या दृष्टीनें हा बदल योग्य होता, कारण खोल जातात ते बारीक कणच. परंतु पानावर येऊन बसते ती धूळ बहुतांशी जाड असते, आणि ती मापांतूनच गळाली. जर्मनींत खालीं पडणाऱ्या धुळीसही मर्यादा आहे; वर्षाच्या सरासरीनें दर चौरस मीटरास दिवसाला ०.३५ ग्रॅम. आपल्या राष्ट्रीय मानकांत असा रकानाच नाहीं.

धुराड्यांच्या मर्यादेंतही अशीच एक गोम आहे. दर घनमीटर वायूंत किती मिलिग्रॅम धूळ असावी एवढेंच ती सांगते. एखाद्या मुलखावर दिवसभरांत एकूण किती धूळ पडावी यासंबंधीं ती कांहीं बोलत नाहीं. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनें २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या औष्णिक संचांस १०० मिलिग्रॅम, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंत उभारलेल्यांस ५०, व पुढच्यांस ३० अशी मर्यादा ठरविली. (ही मर्यादा दोन वर्षांत पाळावयाची होती, मुदत पुढें कितीदां वाढली हें सांगत बसल्यास लेख त्यांतच संपेल.) समजा, एका धुराड्यांतून तासास वीस लाख घनमीटर वायु बाहेर पडतो व त्यांत मर्यादेइतकीच, म्हणजे ५० मिलिग्रॅम, धूळ आहे. तासास १०० किलो झाली. दिवसास २४०० किलो. अशीं पांच धुराडीं एका खोऱ्यांत असलीं तर रोजची धूळ बारा टन, आणि कायद्याचा भंग मात्र कोणाकडूनच नाहीं!

हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. चंद्रपुराकडे पाहावें. एकट्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. भोंवतीं कोळशाच्या खाणी, घुग्घूस व गडचांदूरकडे सिमेंट, बल्लारपुरास कागद. डिसेंबर २००९ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें दिल्लीच्या आय. आय. टी.च्या साह्यानें देशांतील ८८ औद्योगिक समूहांची जी मोजणी प्रसिद्ध केली, तींत चंद्रपूर ८३.८८ गुणांनीं चवथें आलें. येथें गुण अधिक म्हणजे प्रदूषण अधिक. पुढें होतीं तीं अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद. जानेवारी २०१० मध्यें अशा ४३ समूहांत नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या थांबविण्यांत आल्या आणि पुढें ती बंदी टप्प्याटप्प्यानें उठली. या मुलखांतील धुळीचा मोठा भाग धुराड्यांतून येतच नाहीं. आपल्या देशी कोळशांत शेंकडा तीस ते चाळीस राख असते. ती यंत्रानें पकडून तळ्यांत सोडतात, आणि चैत्र-वैशाखांत तळ्याचा सुकलेला भाग वाऱ्यावर उडतो. उघड्या ट्रकांतून कोळसा सांडतो, चाकांखालीं भरडला जातो व रस्त्याकडेच्या शेतांत जातो. धुराड्यावर बसविलेलें मापयंत्र या धुळीस ओळखत नाहीं.

स्थानिक मर्यादा घालण्यास कायदा आडवा येतो काय? मुळींच नाहीं. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांतील तिसऱ्या नियमाच्या दुसऱ्या पोटनियमानें राज्य मंडळास असा अधिकार दिला आहे कीं, जेथें धूर वा सांडपाणी जाऊन पडतें तेथील स्थिति पाहून, व कारणें लेखी नमूद करून, त्यानें एखाद्या उद्योगास अनुसूचींतील मर्यादेहून कडक मर्यादा घालावी. फेब्रुवारी २०२२ च्या वीटभट्ट्यांच्या नियमांत तर वस्ती व फळबागा यांपासून ८०० मीटर अंतर राखावें असें स्पष्टच म्हटलें असून, राज्यांस याहून कडक निकष ठरविण्याची मुभा ठेविली आहे. फळबागेचें नांव केंद्राच्या नियमांत आलें ही लहान गोष्ट नव्हे. खेद इतकाच कीं, कपाशी, तूर व धान यांची आठवण कोणास झाली नाहीं.

शिवाय, धुरासंबंधींचा कायदा आपल्याकडे आला तोच मुळीं स्थानिक म्हणून. बंगालचा कायदा १९०५ चा व मुंबईचा १९१२ चा. त्या काळीं धुराचा काळेपणा ज्या तक्त्याशीं ताडून पाहात, तो रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं १८८८ च्या सुमारास तयार केलेला होता. हे गृहस्थ कृषि-यंत्रशास्त्राचे अध्यापक होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस गंमतीची वाटेल.

मग मर्यादा कशी असावी? आमच्या मतें पहिली गोष्ट ही कीं, जेथें कारखान्यांची दाटी आहे त्या तालुक्यांत खालीं पडणाऱ्या धुळीस दर चौरस मीटरामागें मर्यादा घालावी, व माप कारखान्याच्या फाटकावर न घेतां शेतांत घ्यावें. खडी केंद्रांचेंच उदाहरण घ्या. यंत्रापासून तीन ते दहा मीटरांवर ६०० मायक्रोग्रॅमहून अधिक धूळ नसावी असा नियम आहे. तीनशें मीटरांवरील द्राक्षबागेंत काय असावें, याविषयीं तो मुका आहे. दुसरें, एका खोऱ्यांतील सर्व धुराड्यांची मिळून एकूण धूळ ठरवून द्यावी, म्हणजे नवा कारखाना येतांना जुन्यांस आपला वांटा कमी करावा लागेल. आणि मुख्य पिकाचा फुलोरा व कापसाची वेचणी या आठवड्यांत राखेचें तळें ओलें ठेवणें, ट्रक झांकणें व रस्ते शिंपणें यांची तपासणी दररोज व्हावी. यांत अवघड यंत्र कोणतेंच नाहीं. ताडपत्री व पाणी एवढेंच लागतें.

यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. तालुक्या-तालुक्यांत निराळी मर्यादा झाली तर उद्योग दुसरीकडे जातील व आमच्याच मुलांचा रोजगार बुडेल, असें म्हणतील. रोजगाराचा विचार हलका नाहीं. परंतु खाण कोळशाजवळच असते व सिमेंटचा कारखाना चुनखडीजवळच. ते जाणार कोठें? ज्यांस खरोखर जातां येतें अशा कारखान्यांसाठीं राज्यभर एक किमान मर्यादा राहीलच. स्थानिक मर्यादा तिच्या वर, जेथें हवा आधींच भरली आहे तेथेंच, घालावयाची आहे.

दुसरा आक्षेप आमच्या अंगावरच येणारा आहे. साखर कारखाने सहकारी आहेत, म्हणजे आमचेच आहेत. जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणें त्यांच्या धुराड्यांतील धूळ दर घनमीटरास १५० मिलिग्रॅमपेक्षां कमी हवी. गळीत हंगामांत ज्या गांवच्या अंगणांत व वाळवणावर बगॅसची काजळी पडते, तेथील सभासदांनीं वार्षिक सभेंत ऊसदराबरोबर धूलिसंयंत्राच्या दुरुस्तीचा खर्चही विचारावा. दुसऱ्याच्या धुराड्यास कडक मर्यादा मागावयाची व आपल्यास सवलत, हें चालणार नाहीं. यामुळें टनामागें कांहीं पैसे कमी मिळाले तर ते सोसण्याची तयारी ठेविली पाहिजे. पाचट जाळण्याविषयीं तर वेगळें सांगावयास नकोच.

राज्य मंडळावर शेतीची बाजू मांडणारा मनुष्य बसूं शकतो. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यानें सरकारला तीनपर्यंत बिनसरकारी सभासद शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार, मजूर यांसारख्या हितसंबंधांच्या वतीनें नेमतां येतात, आणि त्या यादींत शेतीचें नांव पहिलें आहे. त्या जागेसाठीं शेतकरी संघांनीं लेखी मागणी करावी. मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची सूचना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें निदान तीस दिवस आधीं निघते व अहवालाचा सारांश मराठींत मिळतो. तोही वाचून जावें.

तोंपर्यंत मोजणी सुरू करण्यास परवानगीची गरज नाहीं. उघड्या तोंडाचें सरळ कडेचें भांडें झाडांपासून दूर, माणसाच्या उंचीहून वर, खांबावर बसवावें. महिनाभर ठेवून त्यांतील पाणी आटवावें व उरलेली धूळ जवळच्या कृषि महाविद्यालयांत किंवा प्रयोगशाळेंत तोलून घ्यावी. वजनास भांड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानें व दिवसांच्या संख्येनें भागलें कीं आंकडा तयार होतो. कारखान्याच्या चारी दिशांस एकेक व दूरच्या स्वच्छ गांवीं एक अशीं पांच भांडीं पुरेत. कार्तिकापासून वैशाखापर्यंतचे आंकडे तारीखवार वहींत लिहून ठेवावेत, वाऱ्याची दिशाही नोंदवावी, आणि ती वही अर्जासोबत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयांत पोंच घेऊन दाखल करावी.