गोदाम आपलं, भाडं कोणी द्यायचं?



मागच्या आठवड्यात तालुक्यात एक प्रशिक्षण झालं. साहेब शहरातून आले होते. बोलले चांगले, चहाही चांगला होता. सांगणं एवढंच, की कास्तकारानं आता पुरवठा साखळी अन् मालाचं व्यवस्थापन शिकलं पाहिजे. साठा म्हणजे अडकलेला पैसा, हे मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन दार उघडलं तं समोरच्या खोलीत 20 क्विंटल कापसाची गंजी, पार छतापर्यंत. लेकरं तिच्याच कडेला झोपलेली, अंगभर खाजवत. ज्याच्या घरात कापूस आहे त्याला ही खाज सांगावी लागत नाही.

साहेब, साठ्याचा धडा आमाले नका देऊ. अख्ख्या साखळीचा साठा आमच्याच घरात पडून आहे.

हिशोब पाहा. 34 टक्के उतारा धरला तर 5 क्विंटल कापसाची 170 किलोची एक गठाण होते. म्हणजे माझ्या खोलीत 4 गठाणी. सूतगिरणीला रुई बाराही महिने लागते, आमची पऱ्हाटी मात्र तीन-चार महिन्यांतच पिकते. मधला काळ तो माल कोणीतरी सांभाळावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण जो सांभाळतो त्याची जागा अडकते, पैसा अडकतो, आगीची धास्ती असते, कापूस पिवळा पडला तर नुकसान त्याचंच. 2025-26 च्या हंगामातल्या लांब धाग्याच्या 8,110 रुपये हमीभावानं माझा माल 1,62,200 रुपयांचा. उधारी शेकडा 2 नं चालू आहे. म्हणजे महिन्याला 3,244 रुपये नुसते बसल्या जागी गेले. हे कोणत्या बिलात लिहायचं?

आपल्या वणीच्या खाणीतला कोळसा पाहा. वीजकेंद्राला तो रोज लागतो म्हणून साठा वीजकेंद्राच्या आवारात असतो. खाणीतल्या मजुराच्या ओसरीवर कोणी कोळसा ठेवत नाही.

आता ओलावा. गावात सगळे म्हणतात, ओलाव्याच्या नावानं लुटतात. मी उलटं बोलतो, राग आला तरी चालेल. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांला पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला 1 टक्का कपात. 12 टक्क्यांला 7,785 रुपये 60 पैसे. तोच 12 टक्क्यांचा क्विंटल वाळवून 8 वर आणला तर उरतो साधारण 95 किलो 650 ग्रॅम, अन् त्याचे होतात 7,757. म्हणजे कपातीचं गणित बरोबर आहे. 12 च्या आत असलेला माल आणखी वाळवत बसू नका, हातात काही येत नाही.

खरी मेख 12 च्या पुढे आहे. 12 ला 7,785 अन् 13 ला केंद्राचं दार बंद. माझी गाडी एका केंद्रावरून अशीच परत आली. गाडीभाडं दोनदा, हमाली दोनदा, वर आठ दिवस पत्र्यावर वाळवण. घरी मीटर असता तर ती गाडी निघालीच नसती. ज्याला थांबता आलं नाही त्यानं खेडा खरेदीत मिळेल त्या भावात देऊन टाकला. त्यात 2025-26 च्या हंगामात ॲपवर नोंदणी, मग तारखेची वाट. अन् तिकडे 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं, ते 31 डिसेंबरपर्यंत. ऐन आमच्या वेचणीत गिरणीला बाहेरचा माल मोकळा, अन् आमचा माल खोलीत.

आपल्याही चुका आहेत. दव उतरायच्या आत बाया वावरात घालतो, कारण किलोमागे मजुरी अन् ओला कापूस वजनात बरा. खताच्या प्लास्टिक पोत्यात वेचतो, त्याचे धागे रुईत जातात. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल अन् शेवटची कवडी एकाच गंजीत टाकतो, मग ग्रेड मागतो कोणत्या तोंडानं? पहिली वेचणी वेगळी ठेवायला मला स्वतःला यंदा जमलं नाही. जागाच नव्हती.

तूर, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवून 6 टक्क्यांनी तारण कर्ज मिळतं. सरकीसकट मोकळा कापूस तसा ठेवणं अवघड, जागा फार खातो अन् आगीला नाजूक. पण दहा कास्तकारांनी मिळून जिनिंगमध्ये पिळाई देऊन गठाणी बांधल्या, तर गठाणी गोदामात राहू शकतात, त्यांची पावती बँकेत दाखवता येते. सरकी हातात, तिचे पैसे लगेच. प्रशिक्षण द्यायचंच असेल तर याचं द्या: पिळाईचा दर काय, विमा कोणी काढायचा, पावतीवर बँक किती देते. अन् येताना ओलावा मीटर घेऊन या, गावागणिक एक.

मारेगाव, वणी, झरीकडे कोणाच्या गावात सामाईक मीटर असेल तर खाली लिहा, कितीला पडला तेही. माझ्याकडं अजून 20 क्विंटल बाकी आहे.