पक्षाचे नाव परत नको, तारीख बदला

शिकागोत महापौराच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. इलिनॉयच्या विधिमंडळाने १९९५ साली तसा कायदा केला आणि १९९९च्या निवडणुकीपासून तो अमलात आला. पहिल्या फेरीत सर्व उमेदवार एकाच यादीत असतात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मुंबईच्या महापौराला नगरसेवक निवडतात आणि कारभार आयुक्त चालवतात. शिकागोत थेट लोकांनी निवडलेला महापौरच कारभारी. पोलीसप्रमुखाचे नाव तो सुचवतो, अंदाजपत्रक तो मांडतो. एवढ्या सत्तेच्या निवडणुकीतून पक्षाचे नाव काढल्याने लोकशाही दुबळी झाली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही.

त्यांचा पहिला आक्षेप हेतूवर आहे. १९८३च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत गोऱ्या मतदारांची मते जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांच्यात विभागली गेली, हॅरल्ड वॉशिंग्टन ३६ टक्के मतांवर जिंकले आणि पुढे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. १९८६मध्ये, ते पदावर असतानाच, पक्षविरहित निवडणुकीच्या मागणीसाठी सह्यांची मोहीम निघाली. दुसरी फेरी आणली की गोरी मते एकवटतील, हा हिशेब त्यामागे होता. हा इतिहास खरा आहे आणि तो कोणी झाकू नये. पण कायदा करणाऱ्याच्या मनात काय होते यावरून कायद्याचे फळ ठरत नाही. २०१९ साली १४ उमेदवारांतून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या लोरी लाइटफूट आणि टोनी प्रेकविंकल या दोघीही कृष्णवर्णीय. २०२३मध्ये पहिल्या फेरीत गोरे पॉल व्हॅलस सुमारे ३३ टक्क्यांवर होते आणि कृष्णवर्णीय ब्रँडन जॉन्सन २२ टक्क्यांच्याही जरा खाली. सर्वाधिक मतांवर निकाल लागला असता, तर व्हॅलस महापौर झाले असते. दुसऱ्या फेरीत जॉन्सन ५२ टक्के मते घेऊन निवडून आले. ज्या अडसराची भीती घातली जात होती, त्यातूनच त्यांची वाट निघाली.

मिलवॉकीचा दाखला याहून जुना आहे आणि मला तो फार बोलका वाटतो. १९१० साली तिथे समाजवादी पक्षाचे एमिल सायडल महापौर झाले. हादरलेल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी हातमिळवणी केली आणि १९१२मध्ये विस्कॉन्सिन राज्याने शहरांच्या निवडणुका पक्षविरहित करून टाकल्या. समाजवाद्यांना रोखणे हाच त्यामागचा उद्देश. पण १९१६ साली समाजवादी डॅनियल होन निवडून आले आणि १९४०पर्यंत महापौर राहिले. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसले तरी माणूस कोणत्या विचाराचा आहे हे मतदार पुरते जाणून होते.

दुसरा आक्षेप असा की, पक्षाचे नाव गेले आणि मतदारही गेला. दाखला दिला जातो तो १९८३च्या एप्रिलचा: पक्षांची नावे होती आणि सुमारे १३ लाख लोकांनी मतदान केले. पण तो उत्साह पक्षाच्या नावाने आणलेला नव्हता. उलट, हजारो डेमोक्रॅट मतदार त्या दिवशी पक्ष सोडून रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्याकडे गेले. शहर वर्णावरून दुभंगले होते. पक्षनावांसह झालेली शेवटची निवडणूक १९९५ची. तिच्यात मते पडली सुमारे ६ लाख. २०२३च्या एप्रिलमध्ये, पक्षनावाविना, पडली ६ लाख १० हजारांच्या आसपास. मतदार घटला तो कायदा बदलण्याआधीच.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे, म्हणून त्याला टाळून चालणार नाही. डॅलसमध्ये महापौरपदाची निवडणूक पक्षविरहित असते. तिथले एरिक जॉन्सन पूर्वी डेमोक्रॅट आमदार होते. मे २०२३मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि सप्टेंबरात रिपब्लिकन झाल्याचे त्यांनी जाहीर केले. मतदारांना फसवल्यासारखे वाटले, तर त्यात वावगे काय? पण पक्षाचे नाव छापले असते तर हे टळले असते का? त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनात ट्रिशा कॉथम डेमोक्रॅट म्हणून निवडून आल्यावर काही महिन्यांत रिपब्लिकन झाल्या. पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन पक्ष बदलणे महाराष्ट्राने तर उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. डॅलसमध्ये खरी उणीव वेगळीच होती: मतपत्रिकेवर जॉन्सन यांच्यासमोर दुसरे नावच नव्हते.

आता आमच्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. रस्ता दुरुस्त करण्यात कसले आले राजकारण, असे म्हणून ते या पद्धतीची तरफदारी करतात. हे खोटे आहे. २०२३च्या शिकागोत व्हॅलस यांच्यामागे पोलिसांची संघटना उभी होती आणि जॉन्सन यांच्यामागे शिक्षकांची. पोलिसांवर किती खर्च करायचा, कर कोणावर बसवायचा, यापेक्षा मोठे राजकारण ते कोणते? पक्षविरहित निवडणुकीने राजकारण संपत नाही, आणि संपूही नये.

तिचे मोल आहे ते शेवटचा निर्णय सगळ्या शहराच्या हाती देण्यात. शिकागोत १९३१नंतर रिपब्लिकन महापौर झालेला नाही. अशा शहरात पक्षनावांची निवडणूक घेतली की खरा निकाल पक्षांतर्गत फेरीतच लागतो. न्यूयॉर्कमध्ये आजही तसेच आहे. २०२१ साली एरिक अॅडम्स डेमोक्रॅटिक फेरीत ७,१९७ मतांनी जिंकले आणि महापौरपद तिथेच ठरले. कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेल्या दहा लाखांहून अधिक मतदारांना त्या फेरीत मतच नव्हते. कर तेही भरतात, त्यांचीही मुले त्याच शाळांत जातात. त्यांना दाराबाहेर ठेवून निवडलेला महापौर शहराचा कसा म्हणायचा?

मतदान कमी होते हे दुखणे मात्र खरे आहे, आणि त्यावरचा इलाज लॉस एंजेलिसने करून दाखवला आहे. तिथेही निवडणूक पक्षविरहितच. २०१३मध्ये ती स्वतंत्र तारखेला झाली तेव्हा एरिक गार्सेटी सुमारे २ लाख २२ हजार मतांवर महापौर झाले. पुढे मतदारांनीच कौल देऊन ती राज्याच्या निवडणुकांच्या तारखांना जोडली: पहिली फेरी जूनमध्ये, अंतिम नोव्हेंबरात. २०२२मध्ये कॅरन बॅस यांना ५ लाखांहून अधिक मते मिळाली. प्रतिस्पर्धी रिक करूसो यांनी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि तरी ते हरले. पक्षाचे नाव नसले की पैसा जिंकतो, या म्हणण्याचेही उत्तर त्यात आहे.

गव्हर्नरच्या निवडणुकीच्या गदारोळात शहराचे प्रश्न बुडून जातील, ही शंका लॉस एंजेलिसमध्येही काढली गेली होती. पण २०२२च्या त्या प्रचारात बेघरांच्या प्रश्नावरच सर्वाधिक वाद झाला. शिकागोत गव्हर्नरची निवडणूक २०२६च्या नोव्हेंबरात, महापौराची पहिली फेरी २०२७च्या फेब्रुवारीत आणि गरज पडली तर दुसरी एप्रिलमध्ये, असा क्रम आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या माणसाने पाच महिन्यांत तीनदा मतदान करावे, त्यातले एकदा ऐन हिवाळ्यात, अशी ही व्यवस्था. इलिनॉयमध्ये पक्षांतर्गत फेऱ्या मार्चमध्ये होतात. महापौराची पहिली फेरी त्याच दिवशी सर्वांसाठी खुली ठेवावी आणि अंतिम फेरी नोव्हेंबरात गव्हर्नरबरोबर घ्यावी. त्यासाठी विधिमंडळाला १९९५चा कायदा मोडावा लागणार नाही, वेळापत्रक तेवढे बदलावे लागेल.