ईमान कुणाच्या परवानगीने?

चाळीसगावात पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. शाळेच्या दाखल्यावर मात्र तो आधीच लिहिलेला असतो. बाप सांगतो, कारकून लिहितो. मग माणसाने मोठेपणी स्वतः निवडायचे म्हटले तर?

पाचशे वर्षांपूर्वी झुरिकजवळच्या त्सोलिकोन या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी हेच केले. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणे तेव्हा नगरपरिषदेने सक्तीचे केले होते. समज आल्यावर केलेला निर्णयच खरा, असे म्हणत या लोकांनी जानेवारी १५२५ मध्ये मोठ्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. म्हणून लोक त्यांना ॲनाबॅप्टिस्ट म्हणू लागले. काही दिवसांतच धरपकड झाली. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमाट नदीत बुडवून मारले. त्याला मारणारेही ख्रिस्तीच होते.

त्याच वर्षी मिखाएल साटलरला जाळले. त्याच्यावरच्या आरोपांत एक असा होता : तुर्क चालून आले तरी त्यांच्यावर शस्त्र उचलू नये, असे तो सांगतो. आदल्याच वर्षी उस्मानी फौजेने मोहाचची लढाई जिंकली होती. भर दहशतीत हा माणूस मुसलमानाला मारायला नकार देत होता. आपल्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

हा प्रवाह महाराष्ट्रातही आला. जर्मनीतल्या श्वार्झेनाउ गावात १७०८ मध्ये आठ जणांनी बाप्तिस्मा घेऊन सुरू केलेल्या ब्रेदरन पंथाच्या मिशनऱ्यांनी डहाणूला दवाखाना चालवला. १९७० मध्ये त्यांची इथली मंडळी उत्तर भारत चर्चमध्ये सामील झाली.

आज काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. फसवणूक, धाकदपटशा यांना शिक्षा हवीच. पण सज्ञान माणसाने ईमानासाठी सरकारी कचेरीत अर्ज का करावा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, ती कुणाच्या परवानगीने?

हे बोलताना आपल्यालाही आरसा पाहावा लागेल. दीनमध्ये सक्ती नाही, ही सूरह बकराची शिकवण आपण दर जलशात ऐकवतो. कुणी इस्लाम स्वीकारला की मुबारकबाद देतो. आणि आपल्यातला एखादा बाहेर पडला की त्याच्या घराशी सोयरीक, सलाम-दुआ तोडतो. येण्याचे दार उघडे आणि जाण्याचे बंद, असे असेल तर तीही सक्तीच.

सरकारकडे जे मागायचे, ते आधी आपल्या मोहल्ल्यात द्यायला हवे.