ताईची बिलांची पिशवी

दरवर्षी फेब्रुवारीत ताई साक्रीहून धुळ्याला येते ती दोन गोष्टी घेऊन. एक, पगाराचा तपशील, कारण तिचा इन्कम टॅक्सचा हिशोब मीच करून देतो. दुसरी, बिलांची पिशवी. कार्डशीट, स्केचपेन, मण्यांच्या माळा, झेरॉक्स... तिच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या वर्गासाठी पदरच्या पैशांनी घेतलेलं सामान, बरंचसं इथल्याच आग्रा रोडवरून.

"यातलं काही वजा होतं का रे?" हा तिचा ठरलेला प्रश्न. आणि "नाही गं" हे माझं ठरलेलं उत्तर.

अमेरिकेत होतं. तिथे शिक्षकांना २००२ पासून अशा खर्चाची वजावट मिळते. सुरुवातीला २५० डॉलर होती, २०२२ पासून ३०० झाली. आपल्याकडे सगळ्या नोकरदारांना एकच प्रमाणित वजावट, मग तुम्ही खडू विकत घ्या की घेऊ नका. त्यामुळे मी इतकी वर्षं म्हणत आलो, आपल्या शिक्षकांनाही अशी सवलत हवी.

यंदा आकडे मांडताना मात्र मत बदललं. २०२५ च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. ताईचा कर शून्य! शून्यातून काय वजा करणार? आणि शेजारच्या वर्गावरचा शिक्षणसेवक? त्याला महिना १६ हजार मानधन, तेही २०२३ पासून. आधी ६ हजारच होतं. कार्डशीट तोही आणतो. करसवलत त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नसती.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. थोडेच, पण त्याच्या हातात. २०१८ च्या समग्र शिक्षेत शाळेला एकच अनुदान, तेही पटावर ठरणारं. त्यातूनच वीजबिल, त्यातूनच स्वच्छता, त्यातूनच साहित्य. पट कमी म्हणून पैसे कमी, पण पहिलीचा वर्ग तर तेवढाच!

शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य पुरवलं जाईल. मग सवलत कशाला मागायची? शिक्षकाच्या नावाचं अनुदान परत द्या, आजच्या भावाने द्या.

हे ताईला ऐकवलं. ती बिलं पिशवीत भरत म्हणाली, "तोवर पोरं थांबतील का?"

असो. घरोघरी शिक्षक आहेत आपल्याकडे. तुमच्या घरच्या पिशवीत यंदा किती निघाले, जरूर कळवा.