शब्दाचा अर्थ लागावा कसा?

वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द लिहावा, उजव्या बाजूस त्याचा मराठी अर्थ लिहावा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती जोडी घोकावी, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्येक शब्दास एक अर्थ असतो आणि तो कळला की शब्द आपलासा झाला, ही समजूत या रीतीच्या मुळाशी आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

उदाहरणासाठी एखादा अवघड शब्द नको. ‘रन’ हा चिमुकला शब्द पुरे आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. परंतु हा अर्थ घेऊन इंग्रजांच्या घरात शिरावे, तो काय दिसते? त्यांचा नळ ‘रन’ करतो, तेव्हा पाणी वाहत असते. सर्दी झालेल्या मुलाचे नाक ‘रन’ करते, तेव्हा ते गळत असते. कच्च्या रंगाचे कापड धुतले की रंग ‘रन’ करतो, म्हणजे उतरून पसरतो. दुकानदार दुकान ‘रन’ करतो आणि कुंपणही शेताच्या कडेने ‘रन’ करते. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवार ‘रन’ करतो. इंग्लंडात मात्र तो आपल्या उमेदवाराप्रमाणे उभा राहतो! ‘आउट’ हे शेपूट जोडले, की स्वयंपाकघरात साखर संपते आणि क्रिकेटच्या मैदानावर गडी धावचीत होतो. घोकलेला एकच अर्थ सर्वत्र लावणाऱ्याच्या भाषांतरात नळ धावेल, नाक धावेल आणि कोणाचे वडील चक्क दुकान धावतील.

हे अर्थ असावेत तरी किती? ऑक्सफर्डच्या सुप्रसिद्ध इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ हे क्रियापद सर्वांत विस्तृत होते. त्याचे सुमारे ४३० अर्थ नोंदले होते. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांनी ‘रन’ हाती घेतला. त्या एका क्रियापदाचा उलगडा करण्यास त्यांना नऊ महिने लागले, आणि २०११ साली अर्थांची संख्या ६४५ भरली. यंत्रयुग आले तेव्हा आगगाडी, कारखाना, घड्याळ यांच्या गतीसाठी इंग्रजांनी दर वेळी नवे क्रियापद घडविले नाही. जुन्या ‘रन’लाच कामास जुंपले. आज संगणकावरील आज्ञावलीही ‘रन’च करते.

हे अर्थ कोशकारांनी आपल्या मनाने ठरविलेले नाहीत, हे विशेष लक्षात घ्यावे. या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. त्यासाठी असंख्य वाचकांनी ग्रंथांतील वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठविली होती. संपादक त्या चिठ्ठ्या जुळवीत, वाक्य वाचीत आणि मग अर्थ ठरवीत. आधी वाक्य, मागाहून अर्थ, हा कोशाचा क्रम होता. आमचे विद्यार्थी मात्र अर्थ आधी घोकतात आणि वाक्य पाहतच नाहीत!

इतके अर्थ ऐकून आमच्या मराठी माध्यमाच्या बालमित्रांनी धीर सोडू नये. त्यांनी आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. घरात दिवा लागतो, चुलीवर भात लागतो, झाडाला आंबे लागतात. घाटात कोणास गाडी लागते. प्रवासात वाटेत एखादे गाव लागते. परीक्षेचा निकाल लागतो, दादाला नोकरी लागते, कोणाचे बोलणे मनाला लागते आणि कोणी आपला मामा लागतो. हे सारे अर्थ कोणत्या वहीत लिहून पाठ केले? एकही नाही. आईच्या तोंडून वाक्ये ऐकली आणि अर्थ आपोआप उमगले. जे काम पाच वर्षांचे मूल मराठीत लीलया करते, ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यास इंग्रजीत अशक्य का वाटावे?

आमच्या बडोद्यातील मुलांस तर ही दृष्टी अधिकच हवी. गुजराती शेजारी आपले मत सांगताना ‘मने लागे छे’ म्हणतो. त्याच ओघात आमची मुलेही ‘मला असे लागते’ म्हणून जातात. मराठी मनुष्यास असे ‘वाटते’, ‘लागत’ नाही! दोन्ही भाषांत शब्द एकच, परंतु त्याचा संसार निराळा. शेजारच्या भाषेवर प्रेम अवश्य करावे. पण दोघींच्या चालीरीती एक समजू नयेत.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की नुसत्या शब्दार्थांची वही आता बंद व्हावी आणि तिच्या जागी वाक्यांची वही यावी. नवा शब्द भेटला की ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहावे. तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आढळला, तर ते वाक्य त्याखाली लिहावे. गुरुजनांनीही सुटा शब्द देऊन अर्थ विचारण्याऐवजी वाक्य देऊन विचारावा. यास वेळ अधिक लागेल, हे आम्ही जाणतो. खिशातील मोबाइल क्षणार्धात प्रतिशब्द देतो, मग हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु समोरच्या वाक्यात तो प्रतिशब्द शोभतो की नाही, हे वाक्ये वाचून तयार झालेल्या कानासच कळते.

आपल्या भाषेने तर हे रहस्य एका शब्दप्रयोगात सांगून ठेविले आहे. मराठीत अर्थ नुसता सांगितला जात नाही, तो ‘लागतो’. पाठ केलेला अर्थ परीक्षेनंतर विसरतो. लागलेला अर्थ जन्मभर सोबत करतो. आमच्या विद्यार्थ्यांस इंग्रजीचा आणि मराठीचाही असा अर्थ लागो, हीच आमची इच्छा.